गाडीची ओटी

मोरू, कंदील जरा खाली ठेव, डोळ्यांवर येतो. आणि सदा, तू भिंतीला टेकून बस बघू, म्हणजे मागं कोणी उभं आहे असं वाटायचं नाही. हसू नका रे. ही ऐकीव गोष्ट नाही. आपल्या शेजारच्या दिनानाथची आहे, आणि याच पडवीत बसून त्यानं ती मला सांगितली. चाळिशीला आलेला माणूस, पोरासारखा रडत होता.

गेल्या वर्षीच्या माघात, म्हणजे सत्तावन्न साली, दिनानाथ किहीमला पंप बघायला गेला. मुंबईच्या कुणा शेटचा तिथं बंगला होता. शेट सगळं विकून मोकळा होत होता आणि विहिरीवरचं इंजिन स्वस्तात सुटेल असा निरोप आला होता. सुपारीच्या वाडीला पाणी कमी पडत होतं, तेव्हा काम गरजेचं. सकाळी निघायचं, पंप बघायचा, दुसऱ्या दिवशी परत. हा शहाणा पंप बघायला गेला आणि मोटार घेऊन आला.

त्याचंही नवल नाही म्हणा. मोटारीचं वेड त्याला लहानपणापासून. बंगल्यामागं माडांखाली ताडपत्री होती, ती वाऱ्यानं जरा उचलली गेली आणि खालचा लाल रंग दिसला. इटलीची गाडी. शर्यतीत पळवायची जात. लांब नाक, कापडी छप्पर, जमिनीलगत बसलेली, आणि आत जागा दोनच. एक चालवणाऱ्याची, एक त्याच्या डावीकडची.

भागोजी म्हणून बंगल्याचा माळी होता. त्यानं काही लपवलं नाही.

"घ्या शेट, पन ऐकून घ्या. आमचं शेट ओहोटीला वाळूवर पळवायचं हिला. एका रातीला भरती चढली नि चाकं रुतली. शेट उजवीकडनं उतरलं. बाईंच्या बाजूचं दार काय उघडलं न्हाय. वर छप्पर बांधलेलं. पानी आत आलं..."

"मग?"

"मग काय? दिवस गेलेलं होतं बाईंना. इंजिन सगळं खोलून साफ केलंय, झकास चालतं. फकस्त डावीकडचं दार तारेनं बांधलंय, ते तसंच असू द्या."

दिनानाथनं सगळं ऐकलं आणि गाडी घेतली. लोखंडाला काय कळतंय, असं मनाशी म्हणाला. घरी मात्र यातला एक शब्द सांगितला नाही. आई आवडाबाई देवभोळी, तिनं उंबरठ्यात येऊ दिली नसती. पुढचं सगळं या न सांगण्यामुळं झालं, असं तो अजून म्हणतो.

अलिबागला एका फिटरकडून त्यानं ती तार कापून घेतली. दार उघडलं तशी मूठभर वाळू त्याच्या पायावर सांडली. फिटर म्हणाला, किनाऱ्यावरची गाडी, वाळू असायचीच.

संध्याकाळी गाडी गावात आली तेव्हा अख्खी आळी जमली. लाल, बसकी, रस्त्यावरून खेकड्यासारखी तिरकी पळणारी, म्हणून पोरांनी तिला कुर्ली नाव ठेवलं. आवडाबाईंनी दारातच थांबवली. घरात लक्ष्मी आली, तिला तशीच कशी घ्यायची? नाकाला हळदकुंकू लावलं, ओवाळलं, आणि ओटी भरायला गेल्या. आता गाडीला कुठला पदर? तेव्हा डावीकडच्या रिकाम्या जागेवर हिरवा खण पसरला, वर नारळ नि तांदूळ ठेवले. जन्मभर बायकांच्या ओट्या भरलेल्या. तोंडातून सवयीनं निघून गेलं,

"तुझी कूस उजवू दे गो बाय."

सगळे खो खो हसले. सून सगुणा तेवढी हसली नाही, कारण आठ वर्षं हाच आशीर्वाद ती ऐकत होती आणि पाळणा हलला नव्हता. आणि दिनानाथ हसला नाही. आयेला थांबवावं असं वाटलं त्याला. पण थांबवायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

सकाळी बघतात तो नारळ जागेवर, तांदूळ जागेवर. खण नाही. आवडाबाईंनी दिवसभर कावळ्यांचा उद्धार केला.

पुढच्याच महिन्यात सगुणाला दिवस राहिले. गाडी लाभली, असं सगळा गाव म्हणायला लागला. तशी ती सुखानं नांदणारी नव्हती. पेट्रोल अलिबागहून डब्यातून आणायचं, प्लग दर चार दिवसांनी साफ करायचे, आणि आपल्या रस्त्यावरचे दगड तिच्या पोटाला खरवडायचे. पण दिनानाथ खूश होता. गोष्ट एकच होती. डावीकडची जागा वाळत नसे. वैशाखातसुद्धा हात लावला तर गार, ओली. सगुणा बसायला नको म्हणायची. तो वर गोणपाट अंथरायचा आणि विषय बदलायचा.

मग आली कार्तिकातली अवस. गुरुवार होता. दिवेलागणीला सगुणाच्या पोटात दुखायला लागलं. सुईण आली, तिनं हात लावून बघितलं आणि दिनानाथला बाहेर बोलावलं.

"मूल आडवं हाय. माझ्याच्यानं व्हायचं न्हाय. अलिबागला न्या, आत्ताच्या आत्ता."

बैलगाडीनं सकाळ झाली असती. गाडी होती. सगुणाला उचलून डावीकडं बसवलं. आवडाबाई पदर खोचून तयार.

"मी येतंय."

"जागा कुठाय आये? दोघांचीच गाडी."

म्हातारी कंदील घेऊन बेड्याच्या फाटकाशी उभी राहिली. गाडी वळेपर्यंत दिनानाथला तो उजेड मागं दिसत होता. हे ध्यानात ठेवा. आई घरी राहिली. त्यानं डोळ्यांनी बघितलं.

काशीदपर्यंत सगुणा कण्हत होती. मग हळूहळू शांत झाली. दिनानाथला बरं वाटलं. छपरावर वारा फडफडत होता, एका बाजूला सुरूची झाडं, त्यापलीकडं समुद्र. दिव्यांच्या उजेडात रस्ता आणि बाकी काही नाही.

"आत्याबाई," सगुणा म्हणाली, "हात जरा वर घ्या."

आत्याबाई म्हणजे सासू. दिनानाथला वाटलं, वेदनेनं बरळते आहे.

"कुणाचा हात गो?"

"आत्याबाईंचा. पोटावर ठेवलाय. बरं वाटतंय... गार लागतो फक्त."

त्यानं डावीकडं बघितलं नाही. रस्त्यावर डोळे ठेवले. खारट वास येत होता. समुद्र बाजूलाच आहे, वास यायचाच, अशी त्यानं मनाची समजूत घातली.

बोर्लीच्या पुढं ती पुन्हा बोलली.

"त्या म्हणतात, मुलगी आहे."

दिनानाथनं गाडी आणखी जोरात सोडली.

साळावच्या धक्क्यावर पोचले तेव्हा रात्रीचे साडेदहा. खाडी भरत आलेली. तिथं मोटार न्यायची ती जंगारावरून, म्हणजे दोन होड्या जोडून वर फळ्या ठोकलेल्या, हे तुम्हाला माहीतच आहे. रावजी तांडेल अवसेच्या रात्री जंगार हाकत नाही. पण बाळंतीण म्हटल्यावर उठला, भावाला उठवलं. फळ्या टाकल्या, गाडी वर चढली, चाकांना दगड लावले. वल्ही पडली.

आता रावजीचा एक दंडक होता. पाण्यावर असताना गाडीत माणूस बसवायचा नाही. सगळ्यांनी खाली उतरायचं. मोटार घसरली तर मोटार जाईल, माणूस जाता कामा नये. तो कंदील घेऊन डावीकडून आला. आत डोकावला.

"वैनी बसू दे, दिनाशेट. पन म्हातारीला तरी उतरवा."

"कोण म्हातारी?"

"तुमची आये. वैनीचं डोकं मांडीवर घेऊन बसल्यात न्हवं?"

"रावजी... आये घरी हाय."

रावजीचा हात तसाच वर राहिला. मग तो मागं सरकला आणि भावाच्या बाजूला जाऊन उभा राहिला. गाडीकडं पाठ करून.

दिनानाथ धावत डावीकडं गेला. मूठ फिरवली. फिरली. दार उघडलं नाही. पाय लावून ओढलं. नाही. आत काळोख. सगुणाचा आवाज आला, अगदी शांत.

"त्या म्हणतात... हे दार उघडत नाही."

तो उजवीकडनं आत वाकला. सगुणाचे खांदे धरून ओढायला लागला. ती जागची हलेना. कोणीतरी धरून ठेवलं होतं तिला. त्याच्या हाताला ओलं लागलं. मग केस लागले. सगुणाचे नव्हते. सगुणाचा अंबाडा बांधलेला होता.

तेव्हा तो रडला. गुडघे टेकून, फळ्यांवर.

"बाई... मला माहीत होतं. मी कुनाला सांगितलं न्हाय. ती ओटी तुझीच होती, चुकून भरली आमच्या आयेनं. गाडी ने. माझी बायको सोड. पोर सोड..."

वल्ही थांबलेली. पाणी फळ्यांखाली वाजत होतं.

आणि खट्ट झालं.

डावीकडचं दार उघडलं होतं.

आतून पाणी आलं. भळाभळा. त्याबरोबर वाळू. त्यानं सगुणाला उचललं, फळ्यांवर निजवलं. रावजीनं न सांगताच चाकांखालचे दगड काढले. तिघांनी ढकललं. कुर्ली नाकावर गेली खाडीत. दिवे मालवायचे राहिले होते. पाण्याखाली कितीतरी वेळ ते जळत होते... मग तेही नाही.

पोर तिथंच झाली, जंगारावर, रेवदंड्याचा धक्का यायच्या आत. आडवं मूल आपोआप सरळ झालं होतं. मुलगी. पहिलं रडणं ऐकलं आणि रावजीसारखा माणूस हात जोडून उभा राहिला. दिनानाथ मला म्हणाला, काका, त्या क्षणी मला वाटलं, सुटलो.

आठ दिवसांनी मायलेकी घरी आल्या. आवडाबाई पायरीवर उभ्या होत्या, हातात एक टोपडं.

"हे कुनी शिवलं?" त्यांनी विचारलं. "तुम्ही गेलात त्या रातीपासनं गाडी उभी असायची त्या खोपटातल्या खुंटीवर लटकलंय."

आपल्यात मूल जन्मायच्या आधी कपडा शिवत नाहीत. घरात कोणी सुई हातात धरली नव्हती. टोपडं हिरव्या खणाचं होतं. काठाला आवडाबाईंच्याच बोटाचं कुंकू लागलेलं.

गेला पंधरवडा दिनानाथचं घर बंद दिसतंय ना तुम्हाला? सगळ्यांना घेऊन घाटावर गेलाय तो, मेव्हण्याकडं. समुद्र दिसायचा नाही अशा जागी. जाताना टोपडं माझ्याकडं ठेवून गेला. जाळवत नाही म्हणाला, फेकवत नाही.

हे बघ. धर, सदा. भिऊ नकोस. टाके बघ किती बारीक आहेत.

ओलं लागतंय? लागणारच. मी रोज उन्हात घालतो, तरी वाळत नाही.

आता माप बघ. आवडाबाईंनी ते पोरीच्या डोक्यावर धरून पाहिलं होतं, तेव्हा डोळ्यांवरून खाली आलं. जन्मल्या पोराचं माप नाही ते. वर्षाच्या पोराचं आहे. बाईनं तेव्हाच्यासाठी शिवलंय ते.

परवा अवस. परवा पोर वर्षाची होते.