उंबऱ्यावरची पाहुणी

मलकापूरच्या डॉक्टरांनी डोक्याचा फोटो धरून समजावलं होतं. कंपवातामुळे आकाराम सुभेदारांच्या मेंदूचा मागचा, बघण्याचा भाग साखर नीट वापरत नाही, म्हणून नसलेली माणसं दिसतात. रंगूबाईंनी त्यातली साखर तेवढी धरली. घरचा ऊस असताना नवऱ्याच्या डोक्याला साखर कमी पडावी, याची त्यांना लाजच वाटली. सुभेदारांच्या चहात तेव्हापासून चार चमचे पडू लागले.

नवी गोळी आज सुरू करायची होती. मग सुभेदारांना रोज उंबऱ्यावर बसलेली दिसणारी ती बाई दिसायची बंद होणार होती. महिनाभर नवरा तिच्यातच गुंतला होता, आणि घरात दोघं असून रंगूबाई एकट्या पडल्या होत्या.

चार वाजता चहा देताना त्यांनी विचारलं, "आली का तुमची पाहुणी?"

"आलीया. चाळिशीची आसंल. बोलत न्हाई... नुसती तुज्याकडं बगतीया."

"बगू द्या. आवं, गोळी घ्या आदी."

"चपला भायेर काढल्यात गं तिनं. डाव्या पायाला सा बोटं हायत."

रंगूबाईंचा हात गोळीसकट थांबला.

सुभेदार लडाखला असताना मुलगी झाली होती. चार दिवस जगली. बारशापर्यंत पोचली नाही. पत्रात रंगूबाईंनी 'मुलगी झाली, राहिली नाही' एवढंच लिहिलं होतं. तिचा सहा बोटांचा डावा पाय फक्त त्यांनी आणि सुईणीनं पाहिला होता. सुईणीला त्यांनी शपथ घातली होती, आणि ती जाऊनही आता वीस वर्षं झाली.

रंगूबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. बाहेर उसाच्या पाल्याची सळसळ थांबली होती.

"काय... म्हंतीया का काय?"

"आता बोलली. नाव इचारतीया. माजं काय ठिवणार हुता म्हून."

कुणालाही न सांगितलेलं ते नाव रंगूबाईंनी रिकाम्या उंबऱ्याकडे बघत उच्चारलं. "रेश्मा."

सुभेदारांची नजर उंबऱ्यावरून सरकत रंगूबाईंच्या मांडीपर्यंत आली. मग म्हणाले, "हळू... तुज्या मांडीवर डोकं ठिवलंय. डोळा लागलाय तिचा."

मांडीवर काहीच नव्हतं. रंगूबाईंनी गोळी पाकिटात परत सरकवली आणि हलल्या नाहीत. दिवेलागणीला उठू गेल्या, तर डाव्या मांडीला मुंग्या आल्या होत्या. त्यांनी हात फिरवून पाहिला. लुगडं तेवढ्याच जागी ओलसर होतं, लेकरू तोंड उघडं टाकून झोपल्यावर होतं तसं.