लाकोंबच्या दोन टिचक्या

दुपारचं जेवण उरकून मी आणि माझा धाकटा भाऊ गेतां विमानाच्या सिम्युलेटरमध्ये शिरलो, तेव्हा शेवटची एकच तपासणी उरली होती. तूलूझमध्ये आम्हा तपासनिसांचा नियम साधा आहे. स्वतःहून शिकणाऱ्या यंत्राचं शिकणं आधी बंद करायचं, मगच त्याला पारखायचं. तेच धुकं, तोच वारा दिला की त्यानं विमान दर वेळी अगदी तसंच उतरवायला हवं. तसं झालं तरच माझी सही. आणि सही झाली की उद्या गेतां खरं विमान त्याच्या भरवशावर धुक्यात उतरवणार होता.

यंत्राला शिकवलं होतं लाकोंब नावाच्या जुन्या वैमानिकानं. बिचारा हिवाळ्यात झोपेतच गेला. गेतां बोर्दोहून आला तो त्यानंतर. दोघांची कधी गाठच पडली नाही.

पहिल्यांदा विमान अलगद टेकलं.

"झालं की! कर सही, ताई," गेतां मांडीवर हात ठेवून म्हणाला.

"तुझ्या घाईनं विमानं उतरत नाहीत. गप बस."

दुसऱ्या वेळी धावपट्टी दिसताच यंत्रानं न उतरता विमानाचं नाक वर उचललं. तिसऱ्या वेळी त्याही आधी. मी शिकण्यावरचं कुलूप तपासलं. शिकणं बंदच होतं. यंत्र तेच, धुकं तेच... मग बदलत काय होतं?

इतक्यात व्हायोलेटच्या फुलांच्या गोळ्यांचा वास आला. लाकोंब दिवसभर त्याच गोळ्या चघळायचा.

मी यंत्राची वायरच उपटली. पडद्यावर नुसतं धुकं राहिलं. तरी गेतांसमोरची सुकाणूची दांडी वाजली... टक्... टक्. नवख्याच्या हाती विमान सोपवताना लाकोंब दांडीवर अशाच दोन टिचक्या मारायचा.

"ताई... तू केलंस?"

"नाही... हात लावू नकोस."

पण त्याचा हात दांडीवर गेलाच होता.

सही मी केली नाही. उड्डाण रद्द झालं. भाऊ वाचला या आनंदात संध्याकाळी आईकडे मी दोन घास जास्तच जेवले. आईनं गेतांकडे पाव मागितला. त्यानं पावाची टोपली उचलली, तिच्या कडेवर बोटानं दोनदा टिचकी मारली आणि मग पुढे केली.

"फुलांचा वास येतोय रे," आई म्हणाली. "काय चघळतोयस?"

गेतांनं तोंड उघडून दाखवलं. आत काहीच नव्हतं.