बागेत मेंढरं बसली तेव्हा

“आवं, झाडाला पाणी घालताय का आंघोळ?”

पाइप हातात धरूनच मी वळलो. अक्षता मला पहिल्यांदा दिसली ती अशी... ओढणी कमरेला खोचलेली, हातात खुरपं, आणि चेहऱ्यावर रागापेक्षा हसू जास्त.

“फलटणचे दिसताय,” ती म्हणाली.

“कशावरून?”

“ऊस समजून पाजताय म्हणून!”

साताऱ्यात आमच्या कॉलनीच्या बागेत रविवारी सकाळी आम्ही काहीजण काम करायचो. मी एमआयडीसीत फिटर. ती दवाखान्यात नर्स, गाव कवठे महांकाळकडचं. कोरड्या मुलखातली, त्यामुळे पाणी जपून घालायची. रात्रपाळी करून आली तरी कधी कंटाळलेली दिसली नाही. आज ती या जगात नाही. पण खुरपं घेऊन बसलेली तिच्याइतकी देखणी बाई मी अजून पाहिलेली नाही.

बागेची माती म्हणजे नुसता बांधकामाचा राडारोडा. लावलेलं झाड पिवळं पडायचं. एका रविवारी ढेकूळ चुरडत ती म्हणाली, “हितं मेंढरं बसवाय पायजेत. दिवाळी झाली की आमचे बापू कळप घेऊन ह्याच वाटेनं येत्यात.”

मेंढरं रात्रभर बसली की लेंडीखतानं जमीन सुधारते, हे मला माहीत होतं. ऊस तुटल्यावर आमच्या रानातही धनगर कळप बसवायचे. पण बागेचं काम बघणारे निवृत्त सुभेदार हंबीरराव भडकले.

“बाग हाय का कोंडवाडा?”

“एक रात, सुभेदारसाहेब. सकाळी रांगेत मार्च करत जातील,” अक्षता म्हणाली.

हंबीररावांना हसू आलं, आणि तिथंच ते हरले.

त्या दिवशी फाटकापर्यंत तिच्यासोबत चालताना मी धीर केला.

“अक्षता... मला तुमच्याशी लग्न करायचंय.”

ती थांबली. मान खाली गेली, पण लगेच वर आली.

“माज्या मनात न्हाई, असं न्हाई. पण लहानपणी बापूंसंगं आमी फलटणच्या रानात लय राहिलोय. बायका भाकरी द्यायच्या... बांधावर. उंबऱ्याच्या आत कुणी कवा बोलावलं न्हाई. तुमच्या आईंना चालंल?”

“विचारतो,” मी म्हणालो.

कळप बागेत उतरला त्या संध्याकाळी मी आईला फोन केला. “सकाळच्या एसटीनं ये. मुलगी बघायचीय. तिच्या वडिलांच्या मेंढरांत.”

आईनं फोन ठेवून दिला.

सकाळी बागेवर धुकं होतं. अक्षताचे वडील धुळाबापू दगडांच्या चुलीवर चहा उकळत होते. तिनं त्यांना सगळं सांगितलं होतं, म्हणून ते सारखे रस्त्याकडं बघायचे. मीही तेच करत होतो.

आई आली. फाटकात उभी राहिली, पदर नाकाशी धरून. अक्षता कोकरू कवटाळून उभी होती.

धुळाबापूंनी घोंगडं झटकून अंथरलं. “बसा ताई,” म्हणाले, आणि स्वतः मात्र मागं सरून मातीवर बसले. इतक्या वर्षांची सवय.

आई घोंगड्याकडं बघत राहिली. मग तिनं चपला काढल्या, घोंगड्यावर बसली आणि बाजूला सरकली.

“आवं दादा, तुमी खाली का? या हिकडं. सोयरी माणसं अशी लांब बसत्यात व्हय?”

अक्षतानं कोकरू माझ्या हातात दिलं.

“धरा,” ती म्हणाली. “मला रडू येतंय.”