शंकरसिंगची एकटी थाप

ही गोष्ट मी बनवलेली नाही. चौतीस वर्षं शाळेत शिकवलं. आता घरी मुलांना तबला-ढोलकी शिकवतो. मुलांसमोर खोटं बोलायची सोय नसते. ती लगेच पकडतात.

तारीख ११ डिसेंबर २००६. सोमवार. गाव दिग्रस.

रात्र नव्हती. दुपारचे पावणेचार वाजले होते. बाहेर जिनिंगकडे निघालेल्या कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती.

पण आधी शंकरसिंगचं सांगतो. ते सांगताना अजूनही माझं डोकं तापतं. त्यातला निम्मा राग माझा माझ्यावर आहे.

शंकरसिंग जवळच्या तांड्यावर राहायचा. डफडं वाजवायचा. शेकोटीवर कातडं तापवून त्याने पहिली थाप दिली की माझे विद्यार्थी तबला सोडून त्याच्याकडे बघत बसायचे. लग्नाच्या दिवसांत तो माझा जुना विद्यार्थी अभिषेक याच्या ऑर्केस्ट्रात असायचा.

ती वर्षं कापसाची वाईट होती. लग्नं लहान झाली होती. मांडवात दहा वाजवणारे कोणाला नको होते. मग अभिषेकने नागपूरहून एक इलेक्ट्रॉनिक पॅड आणलं. हाताने वाजवायचं, वर रबराचे आठ चौकोन. प्रत्येक चौकोनात हवा तो आवाज भरता येतो. चार माणसांचं काम एक माणूस करतो.

डफड्याचा आवाज भरायला तो शंकरसिंगला घेऊन माझ्याकडे आला. माझी खोली शांत होती. आणि शंकरसिंग माझं ऐकायचा, हे त्याला ठाऊक होतं.

"एकच थाप पाहिजे काका," अभिषेक माइक लावत म्हणाला. "ताल नको. एक थाप द्या, आवाज विरू द्या. बस."

शंकरसिंगने डफडं खाली ठेवलं.

"ताल घे ना पोरा. पाहिजे तेवढा घे. एकटी थाप नाई देत आमच्या घरात."

"काहून?"

"तिरडीसमोर देतेत ती. मयत निघालं की पावलागणिक एक. मधी काही नाई. जित्या माणसात तशी वाजवत नसतेत."

अभिषेक हसला. "मशीनले काय समजते काका, मयत का वरात."

शंकरसिंग माझ्याकडे बघत राहिला. मी नको म्हणेन, असं त्याला वाटलं असावं.

मी तसं म्हणालो नाही. वर्गात अडलेल्या मुलाला समजवावं तसं मी त्याला समजावलं. म्हटलं, शंकरसिंगभाऊ, थाप म्हणजे अक्षर. अक्षर सुटं लिहिलं म्हणून कोणी मरत नाही. काही होणार नाही. द्या.

त्याने डफडं पुन्हा उचललं.

मग त्याने थाप दिली... एकच.

खिडकीची काच थरथरली. तो उठला, डफडं काखेत घेतलं आणि चहा न पिता निघून गेला.

त्यानंतर अभिषेकने त्याला एकाही लग्नाला बोलावलं नाही. कायले बोलावेल? त्याचा हात आता त्या पॅडमध्ये होता. एका लग्नात शंकरसिंग मांडवाबाहेर उभा राहून स्वतःचीच थाप ऐकताना लोकांनी पाहिला. आत या, असंही कोणी म्हटलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तो तापाने गेला. मी तांड्यावर गेलो. तिरडी उचलली, पण थाप नाही. डफडं भिंतीला टांगलेलं होतं. मुलगा ते काढायला गेला, तर हंसाबाईने, शंकरसिंगच्या बायकोने, त्याचा हात धरला.

"राहू दे. ह्यायची थाप मास्तरच्या घरी देऊन झाली."

ती माझ्याकडे बघूनच म्हणाली. तिरडी मुकी गेली.

आता ११ डिसेंबर.

माझ्या विद्यार्थ्यांना यवतमाळच्या स्पर्धेला एक पॅड हवं होतं. माझ्याकडे शिकणारी फिजा तेव्हा दहा वर्षांची होती. तिचे वडील तारिक टीव्ही-मिक्सर दुरुस्त करायचे. त्यांनी दोन पॅड मिळवली, एक नवीन, एक वापरलेलं. वाजवणार फिजा होती, म्हणून निवडायचंही तिनेच.

त्यांच्या दुकानामागच्या खोलीत मी तिला टेबलाशी बसवलं.

"दिव्यांकडे बघू नकोस," मी सांगितलं. "डोळे मिट. आधी बोटांनी हळू, मग जोरात. दोन्ही वेळी आवाज सारखाच आला तर ते पॅड हाताचं ऐकत नाही. मग एक चौकोन वाजव आणि शेजारच्याकडे कान दे. धक्क्याने शेजारचा आपोआप वाजला, तर तेही नको."

नवीन पॅड तिने दोन मिनिटांत बाजूला सारलं.

"हे बहिरं आहे सर. अब्बू चहासाठी हाक मारतात तेव्हा अम्मी असते तसं."

तारिक हसले. "सांगू का अम्मीले?"

वापरलेलं पॅड तिला आवडलं. हळू मारलं की हळू बोलायचं. ढोलकी, ताशा, खंजिरी... ती डोळे मिटून एकेक चौकोन वाजवत गेली.

सहाव्या चौकोनावर तिने बोट टेकवलं.

थाप...

मी उभा राहिलो. शंकरसिंगचा हात ओळखायला मला वेळ लागत नाही. हे अभिषेकचं पॅड होतं.

"तारिकभाई, हे कोणाकडून आणलं?"

ते सांगणार, इतक्यात पुन्हा थाप आली. जोरात.

"फिजा, हळू म्हटलं ना मी?"

"मी नाई मारली सर." तिचे डोळे अजून मिटलेले होते. "मी फक्त हात ठेवला."

शेजारच्या चौकोनाचा धक्का लागला असेल, मी म्हटलं. तिचा दुसरा हात मांडीवर होता.

तेवढ्यात पंखा थांबला. पॅडवरचे दिवे विझले. भारनियमनाची वेळ झाली होती. मला बरं वाटलं. मी सुटकेचा श्वास घेतला...

थाप.

वीज नव्हती. स्पीकर मुका होता. आवाज तरी खोलीभर होता, तापवलेल्या कातड्याचा, आणि मागे धुराचा वास.

मग काहीच नाही. एक पाऊल टाकायला लागतो तेवढा वेळ.

थाप.

"सर," फिजा हळूच म्हणाली, "हात निघून नाई राह्यला."

तारिकनी तिचं मनगट धरून ओढलं. तळवा रबराला चिकटल्यासारखा. बोटं पांढरी पडत चालली होती. त्यांनी वायर उपटली, पॅड उचलायला गेले. ते हललं नाही.

थाप. पुढचं पाऊल.

बाहेर गाड्यांचा, बैलांचा, माणसांचा आवाज थांबला होता. रस्ता भरलेला होता, तरी काही ऐकू येत नव्हतं. फिजाचे ओठ निळे पडले. तिरडीसमोरची थाप आहे ही, आणि इथे तिरडीवर कोण जाणार, ते मला समोर दिसत होतं.

तेव्हा मला राग आला. भीती नंतर आली.

"शंकरसिंग," मी म्हणालो, "ही दहा वर्षांची आहे. तुला फसवलं ते मी. नाव माझं घे. लेकराच्या अंगाला हात लावलास तर तुझ्यात आणि अभिषेकमध्ये काय फरक राहिला?"

थाप. आधीपेक्षा जोरात. तोही रागात होता, आणि त्याचा राग माझ्याहून खरा होता.

मग काय सुचलं, सांगता येत नाही. मी टेबलाच्या फळीवर दोन्ही हातांनी ताल धरला. होळीला तो तांड्यावर वाजवायचा, तोच ताल. त्याच्या दोन थापांच्या मधली जागा मी भरून काढली. एक थाप त्याची, सात माझ्या. एकटी पडू दिली नाही.

किती वेळ, ठाऊक नाही. बोटं फुटली. फळीवर रक्त आलं.

तिचा हात सुटला तेव्हा बाहेर एक बैल हंबरला आणि रस्ता पुन्हा बोलू लागला.

तारिकनी तिला उचलून उन्हात नेलं. तळवा संध्याकाळपर्यंत गार होता. पाणी पिऊन झाल्यावर तिने मला विचारलं, "सर, कोण होते ते?"

मी सगळं सांगितलं. लपवलं नाही.

ती आपला तळवा उलटसुलट बघत राहिली. मग म्हणाली, "ते नाही म्हणले होते ना? मग तुम्ही काहून मारायले लावली?"

मी आत गेलो आणि टेबलावरचं ते पॅड उचललं.

पॅड मी अभिषेकच्या दारात नेऊन आपटलं. तो आवाज पूस, म्हटलं. तो दाराला टेकून उभा राहिला.

"याच्यातून पुसून काय होते सर? उमरखेडवाल्याले दिला, फुलसावंगीवाल्याले दिला, पुसदले दोघांले दिला. त्यायनं आणखी कोणाकोणाले दिला असंन. भारी आवाज आहे ना तो."

मी त्याच्या थोबाडीत मारली. आयुष्यात एकाही विद्यार्थ्यावर हात उगारला नव्हता.

फिजा आज मोठी झाली आहे. ठीक आहे. पॅडला मात्र शिवत नाही.

गेल्या महिन्यात उमरखेडला बसची वाट बघत होतो. समोर लग्नाचा मांडव. जेवणं चालली होती, गाणं थांबलं होतं. पॅडवाला पंगतीत बसून वरणभात कालवत होता. पॅडवर कापड टाकलेलं होतं.

मांडवातून थाप आली...

कोणी मान वर केली नाही.

पाऊलभर शांतता. मग दुसरी.

मी आत धावलो. पॅडजवळची खुर्ची ओढली आणि तिच्यावर ताल धरला. लोक हसले. कोणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याले जेवू घाला. दोघांनी मला दंडाला धरून बाहेर आणून बसवलं, पाणी दिलं. चांगली माणसं होती.

ताल तुटला होता. मी रस्त्यावर बसून मोजत होतो. नऊ पावलं झाली आणि थाप थांबली.

मग लग्नघरामागून एका बाईने कोणाच्या तरी नावाने हाक मारली... पुन्हा मारली.

ओ कोणी दिली नाही.