भंडारी शेवटी जेवतो

जयगडच्या धक्क्यावर पासपोर्ट विचारेनासे झाले, त्याला सहा वर्षं झाली होती. हुबेहूब खोटे कागद बनवणारी यंत्रं घरोघरी आली, तेव्हा सरकारनं कागद सोडून हाडं धरली. अस्थिवाचकाच्या खाचेत मनगट ठेवायचं. अन्नपाण्यातून मातीचे जे कण हाडांत मुरतात, त्यांवरून यंत्र देश सांगायचं. हाड दहा वर्षांत नवं होतं, त्यामुळे जुनी पुण्याई चालत नसे.

हसनमियां होडेकर छत्तीस वर्षं एकाच जहाजावर भंडारी, म्हणजे खलाशांचे स्वयंपाकी. यंत्र आल्यापासून फाटकाबाहेर न पडलेले, आज कायमचे घरी निघालेले. त्यांनी मनगट ठेवलं आणि पडद्यावर उमटलं, ‘देश आढळला नाही.’

अधिकारी सुलक्षणा केळस्कर ओशाळली. नियमानं त्यांना आल्या जहाजानं परत धाडायला हवं होतं. दातांत लहानपण शिल्लक असतं, ते तपासू, असं ती म्हणाली. मियांनी निमूट कवळी काढून तिच्या टेबलावर ठेवली.

रांगेत त्यांच्या मागे त्याच जहाजावरून दोन दिवसांच्या रजेवर उतरलेले दोघे होते, फिलिपिन्सचा रोमेल, म्हणजे खलाशांचा मुकादम, सारंग, आणि युक्रेनचा इंजिनवाला ओलेह. यंत्रानं दोघांनाही बिनबोभाट भारतीय ठरवलं, वर जिल्हाही सांगितला : रत्नागिरी.

सुलक्षणानं यंत्र दोनदा बंद करून चालू केलं. मियांना मात्र हसू फुटलं. त्यांनी जहाजावर परक्या तांदळाचा दाणा कधी शिजवला नव्हता. रत्नागिरीतल्या आपल्या मळ्याचा उकडा तांदूळ, कुळीथ, सोलं, इतकंच काय, आपल्या विहिरीच्या पाण्याची पिंपंही ते दर फेरीला घरून धक्क्यावर मागवून चढवत. कुळथाच्या पिठीपायी रोमेलनं दोनदा रजा पुढे ढकलली होती.

"आणि तुम्ही काय खायचात, चाचा?" सुलक्षणानं विचारलं.

"भंडारी शेवटी जेवतो, बाय. टोपात उरायचं काय? मग ज्या बंदराला लागू, तिथला पाव, तिथलंच पाणी." मियांनी कवळी बसवली. "जिल्हा वाटून टाकला मी. माझ्यापुरता राहिला नाय."

नियमावलीत एक वाट होती. यंत्रानं पास केलेल्या दोघांनी ओळख पटवून सही दिली, तर माणसाला सोडता येई. सुलक्षणानं रांगेकडे पाहिलं. रोमेल पुढे आला आणि भटारखान्यात शिकलेल्या मराठीत म्हणाला, "हा आमच्या गावचा." ओलेहनंही सही ठोकली. तेव्हा मियांची छाती अशी फुगली की सदऱ्याची दोन बटणं उडून खाडीत पडली, असं धक्क्यावरचे हमाल शपथेवर सांगतात.

फाटकाबाहेर रोमेल थबकला.

"चाचा, उद्या हे यंत्र माझ्या गावच्या धक्क्यावर बसलं, तर माझी आई दारात उभी असेल आणि मी रत्नागिरीचा निघेन. तिथं माझ्यासाठी सही कोण करेल?"

"मी येईन की," मियां ताठ मानेनं म्हणाले. मग दोन पावलं चालून जरा हळू पुसलं, "पण माझी सही ते कुठल्या देशाची धरतील रे?"