सहावी रेघ

हातदिवा जरा इकडे धरा. अजून थोडा खाली. बस. पुढची चाकं ज्या लोखंडी आर्मवर उभी असतात, ते आर्म गाडीला जखडून ठेवणारे हे सहा बोल्ट. प्रत्येकाच्या डोक्यावरून शेजारच्या लोखंडावर उतरणारी एक पिवळी रेघ दिसते ना? पाच रेघा सरळ आहेत. सहावी मध्येच तुटली आहे. वरचा तुकडा एकीकडे, खालचा दुसरीकडे. पहिल्यांदाच या गाडीखालच्या खड्ड्यात उतरलात आणि नेमकं तेच विचारलंत, म्हणून सांगतो. गाडी विकायची नाही, हे मात्र आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर कुरबुर नको.

हे गॅरेज माझ्या उस्तादांचं. पुढे ते माझे सासरे झाले, पण मी त्यांना शेवटपर्यंत उस्तादच म्हणालो. जुन्या जर्मन गाड्यांखेरीज ते दुसऱ्या कशाला हात लावत नसत. कुणी नवीकोरी गाडी घेऊन आलं तर म्हणत, "आधी वीस वर्षं वापर, मग ये." त्यांच्या स्वतःच्या दोन गाड्या होत्या. ती कोपऱ्यातली लांबलचक काळी, ती थोरली. आणि ही निळी, आपल्या डोक्यावर उभी आहे ती, धाकटी. थोरली चौतीस वर्षांची, धाकटी सत्तावीसची. दोघींचा स्वभाव म्हणजे दोन टोकं. थोरलीत बसलं की खड्डा येऊन गेला हे मागाहून कळतं. स्टिअरिंग फिरवलं की ती आधी विचार करते, मग सावकाश कुशीवर वळावं तशी वळते. धाकटीला विचार करायला सवड नसते. तुमचा हात हलायच्या आत तिचं नाक वळणात शिरलेलं असतं, आणि रस्त्यावरचा खडा न् खडा तळहाताला लागतो.

उस्तादांचा एक नियम होता. हे बोल्ट गाडी अधांतरी असताना कधीच पूर्ण आवळायचे नाहीत. तसे आवळले तर आर्मच्या सांध्यातलं रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. आधी जॅकवर नुसते हाताने लावायचे, मग गाडी या खड्ड्यावर आणायची, चारी चाकांवर उभी करायची, चालवणाऱ्याच्या जागी कुणालातरी बसवायचं, आणि मग खालून आवळायचे. बोल्ट आवळला की त्यावर पिवळी रेघ. रेघ म्हणजे उस्तादांचा शब्द. रेघ असलेला बोल्ट पुन्हा तपासायचा नाही, इतका भरवसा.

वर बसायचं काम त्यांच्या लेकीचं, म्हणजे माझ्या बायकोचं. शाळेतून आली की तिला सीटवर बसवायचे आणि कमी पडणारं वजन मांडीवर वाळूची पिशवी ठेवून भरून काढायचे. खालून सांगायचे, "बसून राहा, चिमणे, हलू नकोस." काम झालं की पान्याने तळाच्या पत्र्यावर दोनदा टकटक. मग उतरायचं. मी तेव्हा बाजूला उभा राहून पाने पुसायचो. तेव्हापासून ही मला अरेतुरे करते. लग्न झालं म्हणून सवय सुटली नाही.

उस्ताद गेले त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. दोन म्हाताऱ्या एकट्याने सांभाळताना माझ्या नाकी नऊ आले होते. एकीचा पंप दुरुस्त करावा तर दुसरीची वायर जळायची. शेवटी ठरलं, एकच ठेवायची. दुसरी न्यायला एक शौकीन गृहस्थ सोमवारी येणार होते. माझं मत थोरलीकडे, हिचा जीव धाकटीत. वडिलांनी हिला गाडी शिकवली ती धाकटीवर. त्यावरून आठवडाभर घरात धुसफूस चालली होती. अखेर ही म्हणाली, "रविवारी सकाळी दोन्ही घाटात नेऊ. जाताना तू धाकटी घे, मी थोरली. येताना अदलाबदल. मग बोल."

त्यासाठी शनिवारी मी धाकटीचे आर्म बदलायला घेतले. मदतीला कुणी नव्हतं, म्हणून सीटवर वाळूच्या पिशव्या ठेवल्या. पाच बोल्ट आवळले. सहावा अडचणीच्या जागी आहे, बघताय ना, त्याला पान्यावर लांब सॉकेट चढवावा लागतो आणि तो वर टेबलावर होता. वर जायच्या आधी रंगाचं पेन हातात होतं, म्हणून सहाच्या सहा रेघा ओढून टाकल्या. एवढ्यात फोन वाजला. गिऱ्हाइकाशी अर्धा तास बोललो, परत खाली आलो, दिवा फिरवला. सहा रेघा. पाने आवरले, हात धुतले, घरी गेलो.

रविवारी घाटात धुकं होतं. साधंसुधं नाही, बोनेटच्या टोकावरचं चिन्ह दिसेनासं होईल असं. काच खाली केली तर ओल्या मातीचा वास आत येत होता आणि कुठूनतरी पाणी ठिबकल्याचा आवाज. चढताना धाकटी मला बरी वाटली नाही. वळणात नाक केसभर उशिरा जायचं, आणि हळू वेगात खालून बारीकसा आवाज यायचा. टक्... मग काही नाही. मी मनात म्हटलं, झालं, ही पण म्हातारी झाली. खरं सांगू? मला आनंदच झाला. वाद मी जिंकला होता.

माथ्यावर थांबलो. थोरलीचं पाणी तापलं होतं. ही जाऊन धाकटीत बसली आणि मी पाण्याचा डबा घेऊन थोरलीकडे गेलो. दोन्ही गाड्यांत वीस पावलांचं अंतर असेल, पण धुक्यातून धाकटीचा नुसता निळसर डाग दिसत होता. रेडिएटर निवायला दहा मिनिटं लागली. मी झाकण लावतो न लावतो तोच धाकटी सुरू झाली आणि निघालीसुद्धा. मी थोरलीत बसून मागे लागलो.

पहिल्याच वळणावर मी चकित झालो. पुढे दोन लाल दिवे होते आणि ते असे वळत होते, की कुणी पेन्सिलीने कमान काढावी. ब्रेक वळणाच्या आधीच पुरता मारून झालेला, मग पाय सोडून गाडी आत टाकायची, मग एकच हलका दाब. उस्ताद तशी चालवायचे. ही तशी कधीच चालवत नाही. ही वळणाच्या मध्यात घाबरून ब्रेक मारते. मी थोरलीचं भलंथोरलं स्टिअरिंग गरागरा फिरवत मागून बघत राहिलो. इतकं सुंदर मी कित्येक वर्षांत काही पाहिलं नव्हतं.

आणि मग वाटलं, नाक उशिरा जात होतं, त्याचं काय? म्हातारपण असं दहा मिनिटांत जात नाही. मी मनातल्या मनात खड्ड्यात उतरलो आणि एकेक बोल्ट मोजू लागलो. पहिला. दुसरा. पाचवा. सहाव्याशी आलो आणि लांब सॉकेट आठवला. सकाळी चहाचा कप टेकवायला मी तोच बाजूला सरकवला होता. त्याच्यावर धूळ होती...

बोल्ट नुसता बोटांनी लावलेला, आणि त्यावर माझी रेघ. तो निसटला तर चाक आडवं होणार, आणि डावीकडे दरी. मी हॉर्नवर हात दाबून धरला, दिवे उघडझाप केले. ती थांबेना. फोन लावला, तर तो माझ्याच मागच्या सीटवर हिच्या पर्समध्ये वाजू लागला. थोरलीला जितकं पळवता येईल तितकं पळवलं, पण वळणावर ती झुलायची आणि लाल दिवे अजून लांब जायचे. सगळा घाट मी एकच वाक्य बोलत होतो, "उस्ताद, सांभाळा."

गॅरेजच्या दारात धाकटी शांतपणे उभी होती. ही आतच बसलेली. मी तिला उतरवलं, गाडी खड्ड्यावर घेतली आणि दिवा घेऊन खाली गेलो.

पाच रेघा सरळ. सहावी तुटलेली. बोल्टाचं डोकं आवळायच्या दिशेने फिरलं होतं. टेबलावरचा सॉकेट आणला. चहाच्या कपाच्या गोल डागापाशी तो तसाच धुळीत पडला होता. ठरलेल्या जोराला आवाज करणारा पाना लावला. कट्. सुतभरसुद्धा हलला नाही.

वर आलो. ही दारात उभी होती.

"माथ्यावर थांबलो होतो तेव्हा तू गाडीखाली काय करत होतास?" तिने विचारलं.

"मी?"

"बसून राहा म्हणालास. हलू नकोस म्हणालास. मी हलले नाही."

"मी थोरलीत पाणी घालत होतो गं... जॅकशिवाय या गाडीखाली माणूस मावत नाही."



"चिमणे म्हणालास," ती हळूच म्हणाली. "तू मला कधी चिमणी म्हणत नाहीस."

"मग... तू उतरून बघितलं का नाहीस?"

"बघावंसंच वाटलं नाही. इतकं बरं वाटत होतं. मांडीवर जड जड झालं होतं, पिशवी ठेवल्यासारखं. मग दोनदा टकटक झाली. म्हटलं काम झालं, आता निघावं."

त्या शौकीन गृहस्थांना मी संध्याकाळीच फोन करून नाही म्हणून कळवलं. दोन्हींसाठी. आता नाकी नऊ येतात तर येऊ देत.

सहाव्या बोल्टाला मी पुन्हा रंग लावला नाही. ती रेघ पुसायची माझी हिंमत नाही आणि सरळ करायची लायकी नाही. त्या दिवसापासून वाळूच्या पिशव्याही बंद केल्या. आवळायचं काम निघालं की ही हातातलं टाकून येते आणि सीटवर बसते. मी खाली, ती वर. शेवटचा बोल्ट आवळून झाला की मी हाक मारायच्या आतच दार उघडल्याचा आवाज येतो. तीनचारदा असं झाल्यावर मी न राहवून विचारलं, तुला कसं कळतं गं, काम संपलं ते?

"दोनदा टकटक होते की," ती म्हणाली.

या बोल्टांना पाना दोन्ही हातांनी धरावा लागतो, टकटक करायला तिसरा हात मला नाही. तुम्हीच धरून बघा.