पहिली मूठ

पूर्वेच्या डोंगरांवर तांबडं फुटलं आणि काळकाईगडाच्या तिन्ही कड्यांखाली गनिमाच्या राहुट्या अळंब्यांसारख्या उगवलेल्या दिसू लागल्या, तेव्हा किल्लेदार येसबा दरेकर सदरेच्या भिंतीला टेकून उभे होते. आणि टेकलो आहोत हे कुणाला कळू नये, अशा बेतानं उभे होते. वेढ्याचा चौथा महिना. तांदूळ, पीठ संपलेलं, अंबारखान्यात उरले होते ते फक्त भाजके हरभरे. महिन्याभरात तीन म्हातारे शिपाई गेले होते. वय झालं, असं सगळे म्हणाले. म्हणायला काय जातं?

गडाचा रिवाज असा, की वेढ्यात शिधा वाटण्याआधी किल्लेदारानं त्यातलीच पहिली मूठ सर्वांदेखत खायची. ज्याला ती खाववत नाही, त्यानं महादरवाज्याच्या किल्ल्या कोठार सांभाळणाऱ्या कारखानिसाच्या हवाली करायच्या.

येसबांच्या तोंडात एकही दात नव्हता. रोज सकाळी ते मूठ तोंडात टाकत, जबडा हलवत आणि मिशा पुसण्याच्या मिषानं हरभरे शेल्यात थुंकत. मग दिवसभर पाणी, फार तर कुणाच्या नकळत भिजवलेले चार दाणे. मांड्या सुकल्या, तलवार जड झाली. एक शब्द काढला असता तर धान्य संपल्यापासून बंद पडलेलं जातं हरभऱ्यांवर फिरलं असतं. पण बोळक्या किल्लेदाराचं कोण ऐकणार, या लाजेनं त्यांचं तोंड शिवलं होतं. गनिमाचा वेढा गडाला होता. येसबांना दुसराच पडला होता.

हे एकट्या कारखानीस गिरमाजीपंतानं हेरलं. आदल्या रात्री त्यानं खाली गनिमाला गुप्त निरोप धाडला, की उद्या शिधावाटपाच्या वेळी किल्ल्या माझ्या हाती येतील, दरवाज्यापाशी तयार असावे.

सकाळी सदरेच्या पायऱ्यांपुढे शिबंदी जमली. येसबांनी मूठ तोंडात टाकली, शेला ओठांशी नेला.

पंत अदबीनं पुढे झाला. "सरकार, मूठ तोंडात गेलेली रोज पाहतो. आज घशाखाली उतरलेली पाहावी, एवढीच अर्जी आहे. शेला झटकावा."

येसबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग कड्याकडे पाहिलं. उडी चार पावलांवर होती, आणि खरं बोलण्यापेक्षा सोपी होती. त्यांनी शेला झटकला. ओले, अख्खे हरभरे पायरीवर घरंगळले. मग त्यांनी आ केला आणि बोळकं सगळ्या शिबंदीला दाखवलं. मागं कुणीतरी फिदकन हसलं.

"रिवाज स्पष्ट आहे," पंतानं हात पसरला. "किल्ल्या."

"रिवाजात मूठ खायची म्हटलंय, पंत. चावायची म्हटलंय कुठं?"

येसबांनी तलवार उपसली. पंत दोन पावलं मागं सरला. पण म्हातारा खाली बसला, पायरीवर मूठभर कोरडे हरभरे ओतले आणि तलवारीच्या मुठीनं कुटू लागला. दहादा थांबला, पण कुणाला हात लावू दिला नाही. तो भरडा तांब्यातल्या पाण्यात कालवून त्यानं घटाघटा पिऊन टाकला.

"मुठीनं मूठ खाल्ली. आता वाटा शिधा."

तेव्हा म्हातारा गोलंदाज भिवजी कोकाटे पुढे आला आणि त्यानं आपला शेला सोडला. हरभरे पडले. मग दुसऱ्यानं सोडला. असे नऊ जण.

येसबा त्याच्याकडे वळले. "भिवजी, परवा राणोजी गेला. त्याच्या उशाला काय निघालं?"

"पिशवीभर हरभरे, आबा. आम्ही म्हटलं, साठवत होता."

येसबांनी पायरीवरचे दाणे एकेक करून ओंजळीत गोळा केले.

तोच बुरुजावरून हाक आली, की गनिमाची तुकडी बंद दरवाज्यासमोर बिनशिडीची, निवांत उभी आहे. वरून बंदुका सुटल्या. सापडलेल्या जखमी गनिमानं पंताचं नाव घेतलं. पंताला बेड्या पडल्या. त्याच दिवशी जातं सुरू झालं आणि चाळीस दिवसांनी वेढा उठला.

पुढं दरबारी कारकुनानं लिहिलं, की येसबांच्या तलवारीनं गड राखला. त्या वेढ्यात ती तलवार फक्त हरभऱ्यांवर चालली होती. हाताशी अन्न असून तीन माणसं उपाशी मेली, हे त्यानं लिहिलं नाही.

येसबांनी मात्र रिवाज बदलला. शिध्याआधी किल्लेदार म्हाताऱ्यांपुढे एकेक करून उभा राही आणि म्हणे, "आ करा." पहिला आ त्याचा स्वतःचा असे.